यादी-लेख लोक इतके का वाचतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पावसाळ्यात पाहायलाच हवेत असे १० धबधबे’, ‘मुलाखतीत टाळाव्यात अशा ७ चुका’, ‘अस्सल पुणेकरालाच कळतील अशा २१ गोष्टी’. मराठी वेबसाइटवर थोडा वेळ घालवला की असे मथळे समोरून जातातच. त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत आणि ते उघडून वाचणारे त्याहून जास्त. बरेचदा माणसं तीच असतात. वेब डेस्कवर नव्यानं आलेले उपसंपादक, नेहमीचे वाचक आणि घरची मंडळी या लेखांबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. काही प्रश्नांत सांगण्यासारखं बरंच आहे, काही दोन ओळींत संपतात.

यादी-लेख नेमका कशाला म्हणायचं?

ज्या लेखाचा सांगाडाच मुद्द्यांच्या यादीचा असतो, त्याला. मथळ्यात बहुतेक वेळा आकडा असतो आणि प्रत्येक मुद्द्याला उपशीर्षक, खाली चार-सहा ओळी, जमलं तर फोटो. डेस्कवर सगळे याला ‘लिस्टिकल’ म्हणतात. साध्या लेखात मध्येच दोन-तीन मुद्दे क्रमांक घालून दिले, म्हणून तो यादी-लेख होत नाही.

मथळ्यात आकडा दिसला की बोट आपोआप तिकडे का जातं?

पहिलं कारण अगदी दृश्य आहे. देवनागरी मजकुरात प्रत्येक शब्दावर शिरोरेषा असते, आकड्यावर नसते. सलग रेघेत तेवढीच एक मोकळी जागा दिसते आणि नजर तिथे अडते. हे कुणी ठरवून केलेलं नाही, लिपीचाच तो गुण आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आकडा वाचकाला आधीच सांगतो की आत किती आहे. ‘मुलाखतीची तयारी कशी करावी’ असा मथळा असेल तर लेख दोन परिच्छेदांचा आहे की वीस, हे कळायला मार्ग नाही. ‘७ चुका’ म्हटलं की हिशेब झाला. फलाटावर लागलेल्या एसटीची पाटी वाचून आपण जसं ठरवतो, ही जलद आहे की गावोगाव थांबत जाणारी, आणि मगच चढतो, तसंच काहीसं हे आहे. वाचकाची खरी अडचण पैशाची नाही, लेख फुकटच आहे. अडचण वेळेची आहे, आणि आकडा त्या वेळेबद्दल शब्द देतो. माझ्या मते यादी-लेखाचं निम्मं यश या एका शब्दात आहे. पुढे जी काही बिघाडी होते, तीही हा शब्द पोकळ निघाल्यामुळेच होते.

तिसरं कारण कुतूहलाचं. जॉर्ज लोवेन्स्टाइन या अमेरिकी अभ्यासकानं १९९४ मध्ये मांडलं की आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, यातली फट दिसली की ती बुजवावीशी वाटते. इथे ‘दिसली की’ हे महत्त्वाचं. ज्या विषयाचा गंधही नाही त्याबद्दल कुतूहल फारसं वाटत नाही. ‘७ चुका’ वाचल्यावर माणूस मनात म्हणतो, चार तर मला माहीत असतील, उरलेल्या तीन कुठल्या? फटीची रुंदी आकड्यानं मोजून दिलेली असते.

पण लोक ते पूर्ण वाचतात की नुसतं चाळतात?

बहुतेक जण चाळतात, आणि हे फक्त यादी-लेखांबाबतच खरं नाही. जेकब नीलसन आणि जॉन मॉर्कस यांनी १९९७ मध्ये लोक वेबपानं कशी वाचतात ते तपासलं. नवं पान उघडल्यावर ७९ टक्के लोक नजर फिरवत होते, शब्द न् शब्द वाचणारे १६ टक्केच. २००६ मध्ये नीलसन यांच्या संस्थेनं २३२ जणांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या तेव्हा नजरेची वाट साधारण इंग्रजी एफ अक्षरासारखी निघाली. वरच्या एक-दोन ओळी आडव्या वाचायच्या आणि मग डाव्या कडेनं खाली उतरायचं. आता यादी-लेखात डाव्या कडेला काय असतं? क्रमांक आणि उपशीर्षक. उतरणारी नजर जिथे टेकणार, नेमक्या तिथेच मजकुराचा गाभा ठेवलेला.

१९९७च्या त्याच कामातला एक भाग मला फार बोलका वाटतो. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनाची माहिती देणारं एक पान त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहिलं. मूळ पान जाहिरातीच्या भाषेत होतं: जगप्रसिद्ध स्थळं, लोटणारी गर्दी वगैरे. तोच मजकूर यादीच्या रूपात मांडला तर पानाची वापरसुलभता ४७ टक्क्यांनी वाढली. मजकूर निम्मा केला तर ५८ टक्क्यांनी. नुसती फुशारकी काढून साध्या भाषेत लिहिलं तरी २७ टक्क्यांनी. आणि तिन्ही एकत्र केलं तेव्हा १२४ टक्क्यांनी.

आपल्याकडच्या पर्यटनाच्या याद्या या आकड्यांशेजारी ठेवून बघा. यादीचं रूप घेतलं, पण ‘निसर्गाचा अद्भुत आविष्कार’, ‘डोळ्यांचं पारणं फेडणारं दृश्य’, ‘स्वर्गीय अनुभूती’ ही विशेषणं तशीच ठेवली, आणि छोटं करण्याऐवजी वाढवलं. तीन औषधांपैकी एकच घेतलं, तेही पाणी घालून.

डोक्याला यादी हलकी का वाटते?

जॉर्ज मिलर यांचा १९५६चा निबंध मानसशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. आपण एका वेळी साधारण सात, दोन इकडे-तिकडे, इतके तुकडे ध्यानात धरू शकतो, असं त्यात होतं. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ही मर्यादा खाली आणून चारच्या आसपास ठेवली. आकडा कोणताही घ्या, सलग मजकुराचे तुकडे वाचकाला स्वतः पाडावे लागतात आणि यादीत ते आयते मिळतात.

शिवाय सोडून परत येता येतं. डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलमध्ये लेख उघडला, ठाण्याला फोन आला, दादरला पुन्हा पडदा चालू केला: पाचव्यावर होतो, सहावा वाचू. सलग लेखात असं करायचं तर दोन परिच्छेद मागे जावं लागतं. अधलामधला मुद्दा गाळला तरी पुढचा कळतो. ही सोय फार मोठी आहे आणि तिची किंमतही आहे. त्याबद्दल खाली येतंच.

१० हा आकडा समजला. पण ७, १३, २१ असे विचित्र आकडे कशाला?

दहाचं आकर्षण खरंच आहे. मॅथ्यू आयझॅक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी २०१४ मध्ये दाखवलं की लोक क्रमवारीचे मनातल्या मनात गोल आकड्यांवर गठ्ठे करतात. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकातलं अंतर त्यांना दहाव्या आणि नवव्यातल्या अंतरापेक्षा बरंच मोठं वाटतं. ‘पहिल्या दहात’ म्हणून जाहिरात करणारी महाविद्यालयं हे कुठलाही निबंध न वाचता ओळखून आहेत.

मात्र दहाच्या यादीबद्दल एक संशयही असतो. खरंच दहा होते, की आठ होते आणि दोन भरले? सात किंवा तेरा म्हटलं की कुणीतरी मोजल्यासारखं वाटतं. विषम आकडे जास्त चालतात असं डेस्कवर ठामपणे सांगितलं जातं. माझ्या मते चालतो तो विषमपणा नाही, मोजल्याचा भास चालतो.

मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त आहेत, साडेतीन शक्तिपीठं आहेत आणि पेशवाईतले साडेतीन शहाणे आहेत. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण. नाना फडणवीस अर्धे, कारण मुत्सद्देगिरी होती पण तलवार नव्हती. यादी करणाऱ्याला चार म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यानं अर्ध्यावर थांबून वाद ओढवून घेतला, आणि म्हणूनच ती यादी अडीचशे वर्षांनीही लोकांच्या तोंडी आहे. ‘अर्धा कोण आणि का’ हे विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. याच्याइतका चांगला मथळा मी तरी आजवर कुठल्या पोर्टलवर पाहिलेला नाही.

हे सगळं बझफीडनं सुरू केलं ना?

नाही. जोना पेरेटी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बझफीड ही वेबसाइट सुरू केली. यादी फेसबुकवर कशी पसरवायची, हे त्यांना इतरांच्या आधी उमगलं. त्यांच्या आधी अमेरिकी टीव्हीवर डेव्हिड लेटरमन १९८५ पासून रोज रात्री दहा विनोदी मुद्द्यांची यादी वाचत होते. त्याच्याही कितीतरी आधी, १९५२ मध्ये, रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री अख्खं गाव रेडिओभोवती का जमायचं? गाणी तर एरवीही लागत. ‘पायदान’ चढत चढत पहिल्या क्रमांकावर कोण पोचतं, ते ऐकायला.

मागे जायचं तर फार मागे जाता येतं. बौद्धांच्या पाली त्रिपिटकातला अंगुत्तरनिकाय संख्येनुसारच रचलेला आहे. एकेका गोष्टीची सूत्रं आधी, मग दोन-दोन गोष्टींची, मग तीन-तीन, असं करत अकरापर्यंत. पाठ करणाऱ्या भिक्खूंना कडवं गळलं तर आकड्यावरून लगेच कळे. षड्रिपू, नवरस, चौदा विद्या, चौसष्ट कला, बारा बलुतेदार: आपली निम्मी परंपरा मोजून ठेवलेली आहे. पूर्वी यादी लक्षात ठेवण्यासाठी होती, आताची वाचून विसरण्यासाठी आहे, असं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं. अगदीच चूक नाही.

‘फक्त कोल्हापूरकरांनाच कळेल’ अशा याद्या एवढ्या फिरतात त्या का?

कारण त्या माहितीसाठी वाचल्या जातच नाहीत. पांढरा रस्सा, रंकाळ्याची संध्याकाळ, बोलण्यातला ‘काय लेका’ हे सगळं कोल्हापूरकराला आधीच ठाऊक असतं. त्याला हवी असते ती ओळख: हे आपलंच आहे, आणि आणखी कुणालातरी माहीत आहे. मग तो ती यादी पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाला पाठवतो, भाऊ शाळेच्या ग्रुपवर टाकतो. लेख शेअर होत नाही, नातं शेअर होतं. बझफीडनं या तऱ्हेचा धंदा जगभर केला, गावाचं नाव बदलून.

या तऱ्हेची उलटी बाजू मराठीत साडेतीनशे वर्षांपूर्वीच लिहून झाली आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास म्हणजे मूर्खलक्षणांची यादी. ओवीमागून ओवी येते आणि ‘तो येक मूर्ख’ म्हणून संपते. स्वतःची स्तुती स्वतःच करणारा, स्वतः विपत्तीत असून वाडवडिलांची कीर्ती सांगणारा, कारण नसताना हसणारा. ऐकणारा आधी शेजाऱ्याला शोधतो, चार ओव्यांनी मेव्हण्याला, आणि मग एका ओवीला गप्प होतो. प्रत्येक ओवी स्वतंत्र, शेवट एकसारखा, कुठूनही सुरू करा. समासाच्या शेवटी समर्थ हेही सांगतात की लक्षणं अपार आहेत, त्यातली काहीच सांगितली. यादी पूर्ण असल्याचा दावा नाही. याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्खाचीही वेगळी यादी येते, म्हणजे वाचून शहाणं झालेल्यांचीही सुटका नाही.

क्रमवारी लावली की कमेंटमध्ये भांडणं का होतात?

क्रमवारी म्हणजे मत असतं आणि ते आकड्यात घातल्यामुळे निकालासारखं दिसतं. मिसळीच्या यादीत नाशिक वर आणि पुणे खाली टाका, मग बघा. लेख लिहिणाऱ्यांना हे माहीत असतं आणि काही वेळा मुद्दाम केलेलं असतं. रागावून लिहिलेली कमेंटही मोजताना कमेंटच.

क्रम नसला तरी वाद होतो, तो वगळण्यावरून. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतलं जिंजी. सिंहगड नाही, तोरणा नाही. खरं तर ती ‘सर्वोत्तम बारा’ अशी यादीच नव्हती. साल्हेर-रायगडसारखे डोंगरी, प्रतापगडासारखा रानातला, पन्हाळ्यासारखा पठारी, विजयदुर्गासारखा किनाऱ्यावरचा, खांदेरी-सिंधुदुर्गासारखे बेटांवरचे, अशा वेगवेगळ्या भूरचनांमधून एक लष्करी व्यवस्था दाखवणारा तो संच होता. पण बारा नावं एकाखाली एक आली की वाचणारा गुणपत्रिकाच समजतो. म्हणून निवडीचा निकष यादीच्या वर लिहावा, खाली नाही.

पंधरा फोटोंसाठी पंधरा वेळा ‘पुढे’ का दाबावं लागतं?

पैशासाठी. वेबवरच्या बऱ्याच जाहिरातींचा दर हजार वेळा दिसण्यावर ठरतो. लेख एका पानावर असला तर जाहिराती एकदाच लोड होतात. पंधरा स्लाइड केल्या की तोच वाचक पंधरा पानं पाहिल्यासारखा मोजला जातो. वाचकाचा अंगठा दुखतो, अहवालातला आलेख सुखावतो. मजकुराची गरज म्हणून कुणी स्लाइड शो केला, असं मी ऐकलेलं नाही.

‘टाळा’, ‘चुका’, ‘कधीही करू नका’ याच याद्या जास्त का दिसतात?

त्या जास्त उघडल्या जातात म्हणून. अमेरिकेतल्या अपवर्दी या वेबसाइटनं एकाच लेखाला अनेक मथळे लावून कोणता चालतो ते तपासायची पद्धत रुळवली होती. त्या साठ्यातल्या एक लाखाहून जास्त मथळ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मथळ्यात नकारात्मक शब्द एकानं वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढत होतं. एका लेखाला हा फरक किरकोळ आहे. पण रोज शंभर मथळे काढणाऱ्या डेस्कचा स्वभाव त्यानं हळूहळू बदलतो. ‘मधुमेहींनी काय खावं’ याचा ‘मधुमेहींनी चुकूनही खाऊ नयेत असे ८ पदार्थ’ असा मथळा होतो, आणि आत तीच माहिती उलटी करून लिहिलेली असते.

म्हणजे यादी आणि क्लिकबेट एकच?

नाही. आत जे नाही त्याचं वचन देणारा मथळा म्हणजे क्लिकबेट. ‘७ चुका’ असं लिहून सात खऱ्या चुका दिल्या तर त्यात फसवणूक कसली? ‘सातवी वाचून धक्का बसेल’ असं जोडलं आणि सातवी ‘वेळेवर पोचा’ निघाली, तर तो क्लिकबेट.

याद्या वाचून विचार करायची सवय जाते, असं म्हणतात. खरं आहे का?

वाचकाची सवय जाते की नाही, यावर मी पैज लावणार नाही. लोक सकाळी यादी वाचतात आणि रात्री चारशे पानांची कादंबरीही. पण यादीत काय मावत नाही, हे मात्र नेमकं सांगता येतं. दोन मुद्द्यांच्या मधलं ‘कारण’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरीसुद्धा’ यादीत मावत नाही. सगळे मुद्दे ‘आणि’नं जोडलेले असतात. शेतमालाचा भाव का पडला याची पाच कारणं वाचली तरी पहिल्यामुळे तिसरं घडलं की तिसऱ्यामुळे पहिलं, हे कळत नाही.

याचं सगळ्यात भीषण उदाहरण ऑनलाइन लेखांतलं नाही, पण सांगायलाच हवं. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, ते १६ जानेवारी २००३ रोजी उडालं तेव्हा बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज करून नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड ठेवल्या. त्यातल्या एका स्लाइडवर मोठ्या अक्षरांतलं शीर्षक दिलासा देणारं होतं. खाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, आणखी खाली बारीक अक्षरांत आणखी उपमुद्दे. अगदी तळाच्या ओळींत असं होतं की ज्या चाचण्यांच्या आधारे हे म्हणतोय, त्यांत वापरलेला तुकडा तीन घनइंचांचा होता, आणि आदळलेला अंदाजे १,९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट. एका सरळ वाक्यात हे असं झालं असतं: ‘आमच्या चाचण्या या प्रसंगाला लागूच पडत नाहीत, म्हणून पंख शाबूत आहे की नाही हे आम्ही सांगू शकत नाही.’ पण तो ‘म्हणून’ स्लाइडवर नव्हता. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. अपघाताची अनेक कारणं होती. पण चौकशी मंडळानं आपल्या अहवालात या स्लाइडची वेगळी चिरफाड केली आणि तांत्रिक निबंधाची जागा स्लाइडनं घेण्याच्या सवयीवर बोट ठेवलं.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकीत मुद्द्यांच्या स्लाइड बंद करून सलग गद्यात टिपण लिहायला लावलं. त्यामागचं म्हणणं तेच होतं: मुद्दे टाकले की विचारांतली भोकं झाकली जातात, वाक्यं लिहायला बसलं की उघडी पडतात.

मग यादी कुठे शोभते?

जिथे गोष्टी खरोखर सुट्या आहेत, किंवा जिथे एकही विसरून चालत नाही, तिथे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी आणली. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. रुग्णाचं नाव मोठ्यानं विचारा, कुठल्या बाजूची शस्त्रक्रिया ते सांगा, असलेच साधे मुद्दे. प्रवासाचं सामान, पासपोर्टची कागदपत्रं, दिवाळीचा किराणा इथेही यादीच हवी. निबंध लिहून किराणा आणायला पाठवलं तर हिंग राहणार.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या आरोग्याच्या याद्यांवर विश्वास ठेवावा का?

यादी म्हणून अजिबात नाही. एकेक मुद्दा सुटा करून बघा. या याद्यांची रचना ठरलेली असते. पाणी भरपूर प्या, रोज चाला, जेवण वेळेवर घ्या, रात्री लवकर झोपा. चार-पाच मुद्द्यांना मान डोलावली की सहाव्याला मान आपसूक डोलते, आणि सहावा असतो ‘अमुक काढा घेतल्यास रक्तदाबाची गोळी बंद करता येते’. खरे मुद्दे खोट्याला जामीन राहतात. क्रमांकांमुळे सगळे एकाच तोलाचे दिसतात. वर ‘एका नामांकित डॉक्टरांचा सल्ला’ असतो, नाव नसतं.

२०१८ मध्ये व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवायची मर्यादा घातली, २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. यादी तरीही पोचते, कारण पाठवणाऱ्या मावशींना खरोखर काळजी असते. त्यांना ‘हे खोटं आहे’ म्हणून ग्रुपवर तोंडघशी पाडू नका. ‘मावशी, बाकीचं ठीक आहे, पण सहावा मुद्दा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका हं’ असं फोनवर सांगितलं तर ऐकलं जातं.

फेसबुकनं असल्या लेखांना लगाम घातला होता ना? मग ते संपले का नाहीत?

घातला होता. २०१४ मध्ये क्लिकबेट मागे ढकलायला सुरुवात झाली, आणि २०१८ मध्ये वाचकाच्या फीडमध्ये प्रकाशकांपेक्षा मित्र-नातेवाइकांना जास्त जागा द्यायचं ठरलं. फेसबुकवर उभ्या असलेल्या अनेक वेबसाइट त्यात आडव्या झाल्या. बझफीडचा बातमी विभाग २०२१ मध्ये पत्रकारितेतला पुलित्झर पुरस्कार मिळवूनही २०२३ मध्ये बंद पडला. यादी मात्र फेसबुकवर अवलंबून नव्हतीच. ती सर्चकडे गेली, रीलमध्ये गेली (‘तीन गोष्टी सांगते, तिसरी नक्की बघा’), आणि आता चॅटबॉटकडे आली आहे. त्यांना काहीही विचारा, मुद्देच मिळतात. उत्तर कसं हवं, हे ते माणसांच्या पसंतीवरून शिकतात, आणि नेटकी मांडणी दिसली की आपण मजकूर तपासायच्या आधीच पसंती देऊन बसतो.

मला यादी-लेख लिहायचा आहे. कसा लिहू?

आधी मथळ्यातला आकडा मोकळा ठेवा. ‘दहा हवेत’ म्हणून सुरुवात केली की सातव्यानंतर भरती सुरू होते. माहिती गोळा करा, मग निम्मी काढून टाका, उरेल तो आकडा. सहा उरले तर सहा.

उपशीर्षकात माहिती घाला. ‘निसर्गरम्य देवकुंड’ यातून काय कळलं? ‘देवकुंड: भिरापासून चालत जावं लागतं, पावसाळ्यात अनेकदा बंदी असते’ यातून ठरवता येतं. जो फक्त डाव्या कडेनं उतरणार आहे, त्याच्याही पदरात काहीतरी पडायला हवं. धबधब्यांच्या यादीत शेवटची बस, मोबाइलला रेंज, त्या वर्षीचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश या गोष्टी नसतील तर ती यादी नाही, फोटोंचा अल्बम आहे. आणि जिथे स्वतः गेला नाहीत किंवा जाऊन आलेल्याशी बोलला नाहीत, ते ठिकाण काढाच. एकाची यादी दुसऱ्यानं उचलायची, दुसऱ्याची तिसऱ्यानं, यामुळेच सगळ्या महाराष्ट्राला तेच दहा धबधबे माहीत आहेत आणि शनिवारी तिथे गाड्यांची रांग असते.

सगळ्या मुद्द्यांना सारख्या ओळी देऊ नका. एकाला दोन ओळी पुरतात, दुसऱ्याला तीन परिच्छेद लागतात. मोजपट्टीनं कापलेली यादी वाचताना यंत्राचा वास येतो.

एक मुद्दा असा ठेवा की जो इतर कुणाच्या यादीत नाही. आणि काय वगळलं तेही एका ओळीत सांगा. कमेंटमध्ये विचारणारच आहेत.

कमाल किती मुद्दे?

हसवायचं असेल तर वीस-पंचवीसही चालतात. वाचकानं काही करावं अशी अपेक्षा असेल तर पाचाच्या वर जाताना दोनदा विचार करा.

जुनी यादी नवी म्हणून खपवलेली कशी ओळखायची?

मथळ्यातलं वर्ष बदलून लेख पुन्हा वर आणणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे, कारण लोक सर्चमध्ये वर्ष टाकून शोधतात. मथळ्यावर जाऊ नका, आतला एखादा नाशवंत तपशील पकडा. फोनच्या यादीत दुकानांतून केव्हाच गेलेलं मॉडेल आहे का, हॉटेलच्या यादीत थाळी १२० रुपयांना आहे का, सरकारी योजनेच्या यादीत उत्पन्नाची मर्यादा कोणत्या सालची आहे. मुंबई-पुणे प्रवासाच्या टिप्स असतील तर टोलचा दर बघा. कमेंटची सर्वांत जुनी तारीखही बघून घ्या. मथळा बदलतात, कमेंट पुसायचं बहुधा विसरतात.